त्र्याण्णव नंबरचं पेट्रोल

रतिलाल भोळे मस्कतला बारा वर्षं काढून रावेरला परतला, तेव्हा त्यानं बायकोसाठी सोनं आणलं, भावासाठी टेपरेकॉर्डर आणला आणि स्वतःसाठी एक जपानी गाडी आणली. गाडी एवढीशी, की केळीच्या ट्रकशेजारी उभी केली तर लोकांना हसू यावं. पण रस्त्याला लागली की हसणारे मागे राहत. तिच्या पाठीवर इंग्रजीत 'टर्बो' असं लिहिलेलं होतं. त्याचा अर्थ रावेरात कुणाला ठाऊक नव्हता, आणि खरं सांगायचं तर रतिलाललाही पुरता नव्हता.

वर्षभरात गाडी बसली. जळगावच्या दोन मिस्तऱ्यांनी बॉनेट उघडून पाहिलं आणि हळूच परत लावलं. तिसऱ्यानं सांगितलं, "धुळ्याला जा. आग्रा रोडवर पितांबर मिस्तरी आहे. त्याच्याकडून नाही झालं तर भंगारात घाल."

पितांबर बोरसेचं गॅरेज आणि घर एकाला एक लागून होतं. पुढे पत्र्याची शेड, मागे दोन खोल्या. मागच्या खोलीत स्वयंपाक करता करता त्याची बायको सुनंदाबाई गेली अठ्ठावीस वर्षं पुढचं सगळं ऐकत आली होती. कोणतं इंजिन उचलतंय, कोणतं गचके खातंय, कोणतं गिऱ्हाईक पुन्हा येणार आणि कोणतं येणार नाही, हे तिला पोळी उलटता उलटता कळे. नवऱ्याची ख्यातीही कानाचीच होती. गाडी दारात यायच्या आधी तो आतूनच सांगे, "व्हॉल्व ढिला शे हिचा."

रतिलालची गाडी ट्रकला बांधून आली. पितांबरनं इंजिन खोललं, आणि एका पिस्टनच्या माथ्यावर करंगळी जाईल एवढं भोक दाखवलं.

"कोणतं पेट्रोल टाकता, भाऊ?"

"पेट्रोल म्हणजे पेट्रोल. मिळेल ते."

"इथंच चुकलं. पंपावर दोन आकड्यांचं पेट्रोल मिळतं. एक सत्त्याऐंशी, ते सगळीकडं. दुसरं त्र्याण्णव, ते मोजक्या पंपांवर, जरा महाग. तुमच्या गाडीत हा टर्बो हवा दाबून कोंबतो. त्या दाबात साधं पेट्रोल दम धरत नाही, वेळेच्या आधीच भडकतं. दर फेऱ्याला पिस्टनवर घणाचा घाव बसतो, बारीक आवाज येतो. त्र्याण्णव दम धरतं. यापुढं तेच टाकायचं. दुसरं काही टाकलं तर माझ्याकडं यायचं नाही."

मुंबईहून पिस्टन यायला तीन आठवडे लागले. गाडी झाली. रतिलाल पेढे ठेवून गेला आणि त्यानं मिस्तरीचा शब्द पाळला. जळगावच्या वेशीवर अभिमनशेठचा पंप होता. तिथं एका यंत्रावर मोठ्या लाल आकड्यात ९३ लिहिलेलं होतं, वर तसाच फलक. रतिलाल तिथंच भरायचा. पंपापर्यंत पोहोचण्यापुरतं नसेल तर गाडी घरी ठेवून एस.टी.नं जायचा, पण दुसरं पेट्रोल टाकायचा नाही.

आणि तरीही चार महिन्यांनी तो धुळ्याला परत आला.

"नाना, आवाज येतोय. जोर दिला की येतो."

पितांबर गाडी फिरवून आला. "काही नाही. ठीक शे."

पंधरा दिवसांनी रतिलाल पुन्हा आला. पुन्हा पितांबर एक चक्कर मारून आला आणि पुन्हा तेच बोलला. या खेपेला रतिलालचा चेहरा पडला. तिसऱ्या खेपेला तो आला तेव्हा सुनंदाबाई पारोळ्याला भावाकडे जायला निघाली होती, आणि पितांबरही सोबत होता. रतिलाल म्हणाला, "वहिनी, बसा. माझ्या वाटेवरच आहे. नानांना वाटेत आवाज ऐकवतो."

सुनंदाबाई मागे बसली. धुळं सुटलं, रस्ता मोकळा झाला. पुढे उसाचा एक ट्रक रेंगाळत होता, त्याला मागे टाकायला रतिलालनं पाय दाबला, आणि तिला तो आवाज आला. पत्र्याच्या डब्यात तुरीचे दाणे टाकून कुणी हलवावेत तसा. ट्रक मागे पडला, पाय सुटला, आवाज थांबला.

"ऐकलं ना, नाना?"

"टायरचा आवाज शे तो," पितांबर म्हणाला.

रतिलालनं पुन्हा पाय दाबला. दाणे पुन्हा वाजले. पितांबर समोर पाहत बसला होता. सुनंदाबाईनं त्याच्या चेहऱ्याकडे आरशात पाहिलं, आणि तिच्या लक्षात आलं की हा माणूस खोटं बोलत नाहीये. याला ऐकूच येत नाहीये.

मग मागच्या वर्षभरातलं एकेक तिला आठवू लागलं. कुकरच्या शिट्ट्या होऊन डाळ करपली आणि हा शेजारच्या खोलीत बसून होता. लेकीचा लहानगा पाळण्यात किरकिरत होता तेव्हाही. तिला वाटलं होतं, दुर्लक्ष करतो. त्यावरून ती भांडलीही होती. आता त्या भांडणांची तिला लाज वाटली.

परतीच्या एस.टी.त तिला बोलायचं होतं. पण एस.टी.च्या खडखडाटात त्याला ऐकू जाईल असं बोलायचं तर ओरडावं लागलं असतं, आणि ही गोष्ट ओरडून सांगायची नव्हती. घरी आल्यावर त्यानं हातपाय धुतले, तेव्हा तिनं त्याचंच मनगटी घड्याळ उचललं आणि त्याच्या कानाशी धरलं.

"काय शे हे?"

"टिकटिक येस का?"

त्यानं घड्याळ हातात घेतलं, दुसऱ्या कानाला लावलं, काटा फिरतोय का ते पाहिलं. काटा फिरत होता.

"बंद पडेल व्हतं का?" ती म्हणाली. "नही. मले ऐकू येस. तुमले येत नही. तो दाणा वाजस, तोही मले ऐकू उना. टायरना आवाज नही तो."

पितांबर उठून गॅरेजात गेला आणि दिवे लागेपर्यंत एकच स्पॅनर पुसत बसला. तीस वर्षं पत्र्यावर हातोडे आणि उघड्या इंजिनांची घरघर. जाड आवाज येत होते, माणसं बोललेली कळत होती. बारीक आवाज तेवढे गेले होते, आणि ते कधी गेले हे त्याला कळलंही नव्हतं.

सकाळी चहा घेताना तो म्हणाला, "इंजिनाचं टायमिंग मागं घेतो, ठिणगी जरा उशिरा पडेल. टर्बोचा दाब थोडा कमी करतो. गाडी मंद होईल, पण आवाज बंद होईल. रतिलाल गप बसेल."

सुनंदाबाईनं बशी खाली ठेवली.

"गप बसेल, पण खरं काय ते कळेल का? तुम्हीच म्हणाले होते, त्र्याण्णव टाकलं तर आवाज येणार नाही. तो त्र्याण्णव टाकतो. मग आवाज कसा येतो?"

"एक तर माझं काम चुकलं. नाही तर पेट्रोल."

"मग त्या दोनातलं कोणतं ते शोधा. आवाज ऐकायला मी बसते गाडीत."

"तू?"

"का? मला उलटी होते म्हणून? लिंबू घेईन संगती."

तो हसला नाही. पण निरोप पाठवून त्यानं रतिलालला बोलावून घेतलं, आणि येताना अभिमनशेठच्या पंपावरचं पेट्रोल टाकीभर घेऊन यायला सांगितलं.

धुळ्याहून नाशिककडे निघालं की लळिंगचा घाट लागतो. मालाचे ट्रक तिथं पहिल्या गिअरमध्ये कण्हत चढतात. पितांबरनं गाडीच्या टाकीची नळी काढून डिकीत बांधलेल्या डब्यात सोडली, म्हणजे डबा बदलला की पेट्रोल बदललं. त्याच्याकडे तीन डबे होते. एकात रतिलालच्या टाकीतलं, जळगावचं ९३. एकात धुळ्याच्या पंपावरचं ९३. तिथं सकाळी टँकर खाली होत असताना तो स्वतः उभा राहिला होता. तिसऱ्यात साधं ८७, मुद्दाम घेतलेलं.

आधी धुळ्याचं ९३ लावलं. पितांबरनं तिसऱ्या गिअरमध्ये गाडी घाटात घातली आणि पाय दाबला. सुनंदाबाई डोळे मिटून बसली होती. इंजिनाची घरघर, टर्बोची बारीक शीळ, वारा. दाणा वाजला नाही. मग जळगावचं लावलं, आणि दुसऱ्या वळणावर तिनं हात वर केला. मग साधं. त्याच वळणावर तिनं पुन्हा हात वर केला.

खाली येऊन पितांबरनं गाडी कडुनिंबाखाली लावली. रतिलाल आनंदानं म्हणाला, "झालं की! चोर सापडला."

"नाही झालं," पितांबर म्हणाला. "कोणता डबा लावला ते तिला माहीत होतं. मनात एकदा बसलं की कान तेच ऐकतो. मी तरी वर्षभर दुसरं काय केलं?"

सुनंदाबाईला गाडी लागली होती. तिनं लिंबाची फोड चोखली. "मग मला सांगू नका कोणता लावला ते," ती म्हणाली. "मी तिकडं तोंड करून बसते."

मग पितांबर आणि रतिलाल डिकीमागे डबे बदलत राहिले आणि ती लळिंगच्या किल्ल्याकडे तोंड करून बसत राहिली. कधी त्यांनी डबा बदलला, कधी बदलल्यासारखं करून तोच ठेवला. चौथ्या खेपेनंतर ती खाली उतरून रस्त्याकडेला ओकली. रतिलाल म्हणाला, "वहिनी, पुरे आता. पटलं मला." तिनं चूळ भरली, पदरानं तोंड पुसलं आणि परत जाऊन बसली. "किती राहिल्या?"

"चार."

"मग चला."

आठ खेपा झाल्या. पितांबरनं खिशातून कागद काढला. त्यानं प्रत्येक खेपेला डबा लिहून ठेवला होता, आणि तिनं काय सांगितलं तेही. धुळ्याचं ९३ तीनदा लावलं होतं, तिन्ही वेळा ती म्हणाली होती, "नाही वाजत." बाकी पाच खेपांना दाणा वाजला होता. जळगावचं कोणतं आणि साधं कोणतं हे मात्र तिला एकदाही सांगता आलं नव्हतं. "ते दोन्ही एकच वाटतात हो," ती ओशाळून म्हणाली.

"दोन्ही एकच शे, म्हणून वाटतात," पितांबर म्हणाला. त्यानं कागदाची घडी घालून खिशात ठेवली. त्याचं काम चुकलेलं नव्हतं.

रतिलाल लगेच चार माणसं घेऊन पंपावर जायला निघाला. पितांबरनं त्याला थांबवलं. "माणसं नेली तर मारामारी होईल, आणि पेट्रोल बाजूला राहील. उद्या आपण तिघं जाऊ. आणि हे धुळ्याचं पेट्रोल संगती घेऊ."

अभिमनशेठ साठीचा, पांढऱ्याशुभ्र धोतरातला, बोलायला मऊ माणूस होता. सगळे त्याला आबा म्हणत. त्यानं तिघांना खुर्च्या दिल्या, चहा मागवला, आणि सगळं ऐकून घेतल्यावर विचारलं, "आवाज ऐकला कुणी?"

कुणी उत्तर द्यायच्या आत तोच पुढे म्हणाला, "राग मानू नका, पितांबरभाऊ. पण तुमच्या कानाचं आमच्यापर्यंत आलंय. रतिलालनंच सांगितलं होतं इथं उभं राहून, की मिस्तरीला आता ऐकू येत नाही."

रतिलालनं मान खाली घातली. पितांबरचा चेहरा काळवंडला. क्षणभर सुनंदाबाईला वाटलं, हा आता उठून निघून जाईल.

पण तो म्हणाला, "खरं शे, आबा. मला बारीक आवाज येत नाही."

हे त्याच्या तोंडून तिनं पहिल्यांदाच ऐकलं.

"आवाज मी ऐकला," ती म्हणाली.

"अक्का, पेट्रोल काय कानानं ओळखता येतं?"

"या गाडीत येतं. तुम्हीही बसा. तुमच्या दोन यंत्रांचं पेट्रोल दोन डब्यांत घ्या, तिसरा डबा आमचा. कोणता कधी लावायचा ते तुम्ही ठरवा. मला सांगू नका. रेल्वेच्या पुलाचा चढ आहे ना? तिथं चला."

आबाला हसू आलं. पंपावरची गिऱ्हाइकं कान देऊन ऐकत होती, त्यांच्यासमोर नाही म्हणणं त्याला बरं दिसलं नाही. तो पुढे बसला. त्यानं आपल्या पंपावरच्या निंबाला डबे बदलायला सोबत घेतलं. निंबा वीस वर्षांपासूनचा जुना माणूस होता. डबे भरताना तो कुणाच्याच डोळ्यांत पाहत नव्हता.

पुलाच्या चढावर पहिल्या खेपेला दाणा वाजला. दुसऱ्या खेपेलाही वाजला. तिसऱ्या खेपेला निंबानं आबाच्या खुणेवरून धुळ्याचा डबा लावला. पितांबरनं पाय तळापर्यंत दाबला, गाडी उसळून चढली, आणि वर पोहोचेपर्यंत इंजिन एकसारखं चाललं.

सुनंदाबाई काही बोलायच्या आधी आबाच म्हणाला, "आता नाही वाजलं."

त्याला स्वतःलाच ऐकू आलं होतं. पंपावर आल्यावर त्यानं दार लोटून घेतलं आणि खालच्या आवाजात सांगितलं. दोन वर्षांपूर्वी त्र्याण्णवची जमिनीखालची टाकी गळू लागली. ती बंद करून त्यानं दोन्ही यंत्रं एकाच टाकीला जोडली. दुरुस्ती होईपर्यंत म्हणून केलं. पण त्र्याण्णव घेणारे होतेच किती? कुणी तक्रार केली नाही, आणि दुरुस्ती राहून गेली.

"भावात फरक होता तो घेत राहिलात ना?" रतिलाल म्हणाला.

"तुमचं काय नुकसान झालं असेल ते सांगा. भरून देतो."

रतिलाल पितांबरकडे पाहू लागला. पितांबर म्हणाला, "ते तुमचं तुम्ही दोघं पाहा. मला दुसरंच पाहिजे. तो ९३चा फलक काढा आणि यंत्रावरचा आकडा पुसा. टाकी नीट झाली की परत लावा."

"काढतो. आठवड्याभरात काढतो."

"आत्ता," सुनंदाबाई म्हणाली.

"अक्का, पेंटर बोलवावा लागेल, शिडी आणावी लागेल..."

"आणा. मी बसते."

आणि ती खरंच बसली. खोलीतून बाहेर आली, दोन्ही यंत्रांच्या मधल्या सिमेंटच्या ओट्यावर पदर डोक्यावरून घेऊन बसली. अकरा वाजले होते, चैत्राचं ऊन होतं. पितांबर म्हणाला, "अगं, किती वेळ बसशील?" ती म्हणाली, "फलक उतरेपर्यंत."

"ऊन लागेल तुला."

"तुमच्या कामाला दोष लागला ना? तो तीन महिने लागला. मला तीन तास ऊन लागू द्या."

येणारी प्रत्येक गाडी थांबत होती. स्कूटरवाले, फियाटवाले विचारत होते, "काय झालं, अक्का?" आणि ती सगळ्यांना एकच उत्तर देत होती, आवाज न चढवता. "त्या लाल आकड्याच्या यंत्रातून साधं पेट्रोल येतं. आबांनीच सांगितलं. फलक उतरायची वाट पाहते." कुणी हसून निघून गेलं. एक फियाटवाला वकील मात्र खाली उतरून तडक आत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. आबानं तिच्यासाठी चहा पाठवला, तिनं तो निंबाला प्यायला लावला. थंड पाणी पाठवलं, ते मात्र तिनं घेतलं.

दोनच्या सुमाराला निंबा मागच्या बाजूनं शिडी घेऊन आला. कुणी सांगितलं होतं की तो आपणच आला, ते कळलं नाही. तो वर चढला, चार बोल्ट ढिले केले, आणि फलक खाली सोडताना पितांबरनं तो खालून धरला. मग निंबानं चिंधी आणि रॉकेल घेऊन यंत्रावरचा लाल आकडा पुसला. पुसून झाल्यावर म्हणाला, "अक्का, मी दोन वर्षं हेच विकलं. मला माहीत होतं."

सुनंदाबाई उठली. तिनं पदर झटकला. "मग आता कुणी विचारलं तर सांगत जा," ती म्हणाली.

रतिलालनं पुढे पेट्रोल धुळ्याहूनच न्यायला सुरुवात केली. पंधरवड्यातून एकदा येई, टाकी भरे, गॅरेजात डोकावून जाई. "नाना, तुमच्या कानाचं मी बोलायला नको होतं," असं तो पहिल्याच खेपेला म्हणाला. पितांबर म्हणाला, "बोललास ते खरं होतं. आधी मला बोलायला पाहिजे होतंस, एवढंच." अभिमनशेठची टाकी पावसाळ्यानंतर नीट झाली असं ऐकलं, पण रतिलाल तिकडे वळला नाही.

पितांबर सरकारी दवाखान्यात जाऊन कान तपासून आला. डॉक्टरांनी सांगितलं, गेलेलं परत यायचं नाही, उरलेलं जपा. त्यानं कानात घालायला कापसाचे बोळे आणले आणि हातोडा मारताना ते घालायला लागला.

पुढच्याच आठवड्यात एका बँकेच्या साहेबांची नवी गाडी आली. साहेब म्हणाले, "मिस्तरी, जोर दिला की बारीक आवाज येतो. तुमचा कान प्रसिद्ध आहे म्हणून आलो."

पोळ्या लाटता लाटता सुनंदाबाईचे हात थांबले.

मग पितांबर म्हणाला, "साहेब, बारीक आवाज मला येत नाहीत आता. घरातून माणूस बोलावतो, ते ऐकतील." आणि त्यानं आत तोंड करून हाक मारली, "सुनंदा, हात धू. चक्कर मारून येऊ."

तिनं तवा उतरवला, लिंबाची एक फोड कापून पदराच्या टोकाला बांधली आणि बाहेर आली.